लोहपंखचा पाचवा भाग

मार्कंड्याच्या जत्रेत आरोग्य पथकाचा तंबू लागला, आणि अजून टेबलावर कापूससुद्धा मांडून झाला नव्हता तोच पहिला रोगी दारात उभा राहिला. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत गच्च धरलेला, शर्टावर रक्ताचे दोन थेंब, आणि कानामागे खडू खोचलेला.

"काय झालं जी?" दामिनीने विचारलं.

"पत्रा चावला."

"पत्रा चावते?"

"आमचा चावते, सिस्टर. म्हातारा झाला ना... चिडचिड करते."

दामिनीला हसू आलं, पण सरकारी ड्युटीवर पहिल्याच रोग्यासमोर हसणं बरं दिसत नाही म्हणून तिने खाली पाहून जखम धुवायला घेतली. चोवीस वर्षांची ही पोरगी मुलचेऱ्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स होती. जत्रेपुरती तिची ड्युटी इथे लागली होती, आणि ती तिने मागून घेतली होती. वैनगंगेच्या काठावरच्या ढिवराची लेक ती. तिचा बाप केवळराम अजूनही नदीत जाळं टाकत असे, आणि मार्कंड्याची जत्रा म्हणजे तिचं माहेरच.

"सुई घ्यावं लागन," ती म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. "कापसानं नाई भागत का?"

"पत्रा म्हातारा हाये म्हनता ना? मंग जंग लागला असन. इकडं नका पाहू. त्या तिकडल्या पळसाकडं पाहा."

त्याने पळसाकडे पाहिलं. पळस पेटल्यासारखा फुलला होता. सुई टोचून झाली तरी तो तिकडेच पाहत राहिला.

"झालं," दामिनी म्हणाली.

"कवा?" तो वळला, आणि पहिल्यांदा त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. मग जरा जास्तच वेळ पाहिलं... "सिस्टर, एक काम होतं. लिव्हाचा हात तुमी बांधून टाकला. आन् माहा बोर्ड तं कोराच हाये."

असा तो श्रावण. इतवारी टूरिंग टॉकीजच्या इतवारी म्हाताऱ्याचा नातू.

एके काळी या जत्रेत सिनेमाचे चार-चार तंबू लागत. बैलबंड्या भरभरून लोक येत, नदीच्या रेतीत चुली पेटत. ज्यांना आत जागा मिळायची नाही ते पडद्याच्या मागच्या बाजूला बसून पाहत. मागून सगळं उलटं दिसे, त्यामुळे जत्रेतल्या अर्ध्या लोकांच्या मते नायक डावखुरा असे आणि अर्ध्यांच्या मते उजवा, आणि त्यावरून परतीच्या वाटेवर बंडीत भांडणं होत. आता घरोघर मोबाईल आले. चारांतला एकच तंबू उरला होता, आणि तोही या वर्षी शेवटचा. जत्रा उठली की तंबू विकायचा, असं इतवारीने ठरवून टाकलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत दामिनी गेली. काळा बोर्ड, वर मोठं नाव: लोहपंख. लोखंडाचे पंख लावून उडणाऱ्या त्या वीराला कोण ओळखत नाही? त्याचे नऊ भाग निघाले, नऊही गाजले. तिने खडू घेतला. श्रावण सांगत होता, ती लिहीत होती. पहिल्या दिवशी पहिला भाग, दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसरा, चौथा...

"मंग सहावा," तो म्हणाला.

खडू थांबला. "पाचवा?"

"पाचवा नाई लावत."

"काऊन?"

"दिवस आठ, पिक्चर नऊ. एक तं सोडावाच लागन ना, सिस्टर."

"मंग चौथा सोडा! तो चंद्रावर जाते तो. त्याले कोन पाह्यते? पाचवा सोडता? नवाईत पयला नंबर कोनाचा? पाचव्याचा! मी बारा वर्षाची होती तवा याच तंबूत पाह्यला. बाबाच्या मांडीवर बसून. धरन फुटते, लोहपंख गाव वाचवते, सोता पुरात वाहून जाते... सारे लोकं रडून राह्यले... आन् मंग पान्यातून वर येते, तिकडून त्याची सुहानी धावत येते..." ती बोलता बोलता थांबली. हातातला खडू मोडला होता. "तुमी तं शिट्ट्या आयकल्या असन तवा."

"आयकल्या," तो हळूच म्हणाला. "मशीनपाशी मीच होतो."

"तरी नाई लावत?"

"नाई."

"अशे कशे मानूस जी तुमी!" दामिनीने खडूचा तुकडा त्याच्या डाव्या हातात ठेवला आणि फणकाऱ्याने निघून आली.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी बदलायला आला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जखम भरली होती, तरी आला. पथकातल्या मोठ्या सिस्टर नूतनबाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "अंगठा तं बरा झाला वं दामिनी. याले रोग दुसराच दिसून राह्यला."

खेळ दुपारी तीनचा. दामिनीची ड्युटी दोनला सुटायची. मग ती तंबूत जाऊन बसायची, खेळ सुटला की तो झाडू घेऊन यायचा, आणि दोघांचं भांडण सुरू व्हायचं.

"तिसऱ्याले कोनता नंबर?" तो विचारायचा.

"चौथा. जुळा भाऊ दुश्मन निघते, हे पयल्या धा मिनटात समजते."

"मी पयला देतो."

"कशावरून?"

त्याने झाडूने जमिनीवरची शेंगांची फोलपटं गोळा केली. "यावरून. पिक्चर चांगला असला का लोकं शेंगा फोडाचं विसरते. वाईट असला का तीन टोपले फोलपटं निंगते. तिसऱ्याले अर्धा टोपला. पंधरा वर्षं झाडून राह्यलो मी, सिस्टर. मानूस खोटं बोलन, फोलपट नाई बोलत."

"आन् आज चौथ्याले?"

"साडेतीन टोपले. दोन बोरं खाऊन फेकलेली ते येगळी."

दामिनी खळखळून हसली. मग तिने आपली यादी सांगितली. पाचवा पहिला, त्यात बोलायचं कामच नाही. दुसरा दुसरा, कारण त्यात कोळशाच्या खाणीतला राक्षस आहे आणि खाण अगदी चंद्रपूरसारखी दिसते. सातव्यातला लोखंडी कुत्रा तिला आवडायचा. आठव्यात लोहपंखचे केस पिकतात, ते पाहून तिला उगाच बापाची आठवण यायची. श्रावण प्रत्येक नंबरावर हरकत घेई. ती प्रत्येक हरकतीवर भडके. भडकली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि त्यासाठीच तो काही हरकती घेतो हे तिच्याही लक्षात आलं होतं. पण दोघांनीही तसं दाखवलं नाही. संध्याकाळचं ऊन तंबूच्या भोकांतून आत येई, धुळीत त्याच्या बारीक काठ्या उभ्या राहत... आणि शेवटची बस भोंगा वाजवायला लागली की दामिनीला रोज वाटे, आज एवढ्या लवकर कशी?

सहाव्या भागाच्या दिवशी मात्र भांडण खरं झालं.

"हा शेवटचा. नवाईत नववा," दामिनीने निकाल दिला. "पिक्चरभर तोंड पाडून हिंडते. कारन ना काई. घरी सुहानीसारखी बायको असून रडते मेला!"

"घरी?" श्रावणचा झाडू थांबला.

"मंग कुठी? पाचव्यात तिच्याकडंच तं येते. लगन झालं असन. पुढल्या भागात दिसत नाई, कारन तिले तिची नोकरी असन. बाई काय दिवसभर नवऱ्याच्या पिक्चरमंदी राह्यन? हॉस्टेलात माह्याजवळची पुनम म्हने, ते दोघं येगळे झाले म्हनून. मी तिले म्हटलं, तुनं झोपेत पाह्यला असन. तीन महिने बोलली नाई मी तिच्याशी."

श्रावण हसला नाही. नेहमी हसायचा, आज हसला नाही. "मी सहाव्याले दुसरा नंबर देतो," तो म्हणाला. "त्याच्या रडाले कारन हाये."

"कोनतं?"

तो फोलपटं गोळा करत राहिला.

"कोनतं जी? सांगत काऊन नाई? शेवटच्या दिवशी पाचवाच लावा ना. नववा मी मोबाईलवर पाहीन. पाचवा मी मोबाईलवर मुद्दामच कवा नाई पाह्यला. तंबू जाऊन राह्यला, मले एकडाव इथीच पाहाचा हाये. एवढं एक आयका माहं..."

"दामिनी," तो म्हणाला. सिस्टर नाही, दामिनी. पहिल्यांदाच. "दुसरं काईबी मांग. पाचवा नको."

तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, पण या वेळी डोळेही. पुढचे दोन दिवस ती तंबूकडे फिरकली नाही. तोही आला नाही. ड्युटी सुटली तरी दुपारभर ती लेकरांना जुलाबावरची पुडी पाण्यात कालवून देत होती आणि तीनच्या खेळाच्या भोंग्याला कान लावत होती. जत्रा उठायला एक दिवस राहिला होता. एवढं जवळ येऊन या माणसाच्या मनात काय आहे तेच कळू नये? तिला कळायला हवं होतं. एक तर त्याने तोंडाने सांगावं, नाहीतर नाही म्हणावं. पण असं मुकं राहून जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी इतवारी म्हातारा बीपी पाहायला आला. खुर्चीवर ऐसपैस बसून त्याने बाही वर केली.

"भाऊ, एक विचारू?" दामिनीने पट्टा बांधता बांधता म्हटलं. "पाचव्या भागाचं काय वाकडं हाये?"

"वाकडं?" म्हातारा खुदकन हसला. "वाकडं काईच नाई. फक्त त्याचा शेवट या जत्रेत कोनीच पाह्यला नाई."

दामिनीचा हात थांबला.

"तो पिक्चर धा मिनटानं लांब होता ना बाई. पयल्या खेळाले बसचा भोंगा वाजला, आन् लोकं अर्ध्यातून उठून पळाले. एक लेकरू चेंगरता चेंगरता वाचलं. मंग मी ठरवलं, लोहपंख पान्यातून वर आला, सुहानी धावत आली, का बंद! दिवे लावाचे. लोकं शिट्ट्या मारत, हासत बसमंदी बसले. म्हटलं, हेच बरं हाये. जत्रेतून मानसानं हासत जावं. तवापासून असाच दाखवला, या जत्रेत आन् पुढल्या साऱ्याच जत्रांत. मागची धा मिनटं माह्या नातवानं पाह्यली, कोनीच नसताना, एकट्यानं. म्हनते, आजा, मी अर्धा दाखवत नाई आता. आन् पूर्ना दाखवला तं लोकं तुले शिव्या देईन. म्हनून लावतच नाई."

दामिनीच्या कानात जणू नदीच शिरली. बारा वर्षं! बारा वर्षं ती अर्ध्या सिनेमावर भांडत आली होती. पुनमला झोपाळू म्हणाली होती...

"आन् अजून एक सांगतो," इतवारी पट्टा सुटला तरी उठेना. "पोट्टा म्हनते, उद्या उजाडताच सामान भरून निंगू, सिस्टर लोकायची ड्युटी लागाच्या आंदी. काऊन तं मले समजत नाई. तुमाले समजते का बाई?"

बीपी किती होतं ते तिने म्हाताऱ्याला सांगितलंच नाही. नूतनबाईंनी तिच्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. मी पाह्यते इथलं."

तंबू रिकामा होता. श्रावण मशीनची तार जोडत होता. दामिनी सरळ पडद्यासमोर जाऊन रेतीत बसली.

"लावा," ती म्हणाली.

"आज्यानं सांगतलं?"

"धा मिनटं. लावा."

त्याने तार जोडून बटन दाबलं. थोड्या वेळाने पडदा उजळला. तोच पूर, तोच फुटलेला बांध. लोहपंख पाण्यातून वर आला, सुहानी धावत आली... दामिनीच्या अंगावर तसाच काटा आला, बारा वर्षांच्या पोरीसारखा. आणि मग तिने कधीच न पाहिलेलं सुरू झालं. दोघं घरी आली. तिने त्याच्या पंखांतला गाळ धुतला, हसली, दमून झोपून गेली. तो उशापाशी उभा राहून तिला पाहत राहिला. माझ्यासोबत राहिली तर हिच्या जिवाला धोका आहे, तो मनाशीच म्हणाला. तिच्या भल्यासाठी मला गेलं पाहिजे. त्याने दिवा विझवला आणि खिडकीतून उडून गेला. ती जागी झाली, अंगणात धावली, नाव घेऊन हाका मारत राहिली. वर आभाळात काहीच नव्हतं. पडदा काळा झाला.

दामिनी रडेल म्हणून श्रावण जपून तिच्याजवळ येऊन बसला. पण ती रडत नव्हती. पेटली होती.

"यानं तिले इचारलं का?"

"अं?"

"इचारलं का म्हनते मी! तिले धोका पत्कराचा होता का नाई, तिच्या तोंडानं आयकलं का यानं? तिचं भलं कशात हाये ते तिले झोपवून यानंच ठरवलं! आन् मंग सहाव्यात रडत हिंडते? रड मेल्या, रड! नववा नंबर. नाई, धावा! नऊच भाग असन तरी धावा!"

श्रावणला हसू फुटलं. बारा वर्षं ज्या दहा मिनिटांनी त्याला गप्प केलं होतं, त्यांचा तिने दोन मिनिटांत फडशा पाडला होता. "मले वाटलं तुमचा पाचवा मोडन... तुमी मोडान. म्हनून नाई लावला."

"मी नाई मोडत." ती त्याच्याकडे वळली. "आन् तुमी? उद्या उजाडताच निंगनार म्हने. माही ड्युटी लागाच्या आंदी."

तो रेतीत बोटाने रेघा ओढायला लागला. "तुमाले सरकारी नोकरी. मी जत्रेजत्रेतला मानूस. हा एक फाटका तंबू, तोबी उद्या जाईन. मी इचार केला, उगाच तुमच्या जिवाले घोर... तुमच्याच भल्यासाठी मले..."

तो थांबला.

दामिनी त्याच्याकडे पाहत राहिली. भुवई मात्र एक वर गेली होती. श्रावणच्या कानाच्या पाळ्या हळूहळू तांबड्या झाल्या, गळाही झाला, आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अरे बापा," तो हातांआडून म्हणाला.

"इचारा," दामिनी म्हणाली.

"काय?"

"यानं जे नाई इचारलं ते."

बाहेर पिपाण्या वाजत होत्या. कोणी तरी माईकवर हरवलेल्या सासूचं नाव पुकारत होतं. श्रावणने हात खाली केले.

"मी हिंडता मानूस हाये, दामिनी. तंबू गेला तरी हिंडनंच हाये. वडशाच्या नाटक कंपनीत लाइटचं काम भेटलं हाये, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव. बाकी दिवस नागभीडजवळ मामाची धानाची शेती हाये, दोन खोल्याचं घर हाये. पैसा नाई, झगमग नाई. भांडन रोज होईन, ते पक्कं..." त्याने रेतीतल्या रेघा पुसून टाकल्या. "तू येशीन? माह्यासंगं... जलमभर? नाई म्हटलं तं उद्या तुह्यासमोर निंगन, सांगून निंगन. पन इचारून राह्यलो."

तिने त्याचा उजवा हात ओढून घेतला, अंगठ्यावरचा बारीकसा वण उलटसुलट करून पाहिला, जणू त्यावरच उत्तर लिहिलेलं होतं.

"हिंडशीन तं हिंड," ती शेवटी म्हणाली. "पन सांगून जाशीन. आन् वापस येशीन."

"हे 'हो' समजू?"

"समजू नोको. आयक." तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू मावत नव्हतं. "हो."

मग एकदम काही आठवून म्हणाली, "आन् उद्या बाबाले भेटाले चाल. फक्त त्याले ही धा मिनटं सांगाची नाई बरं. बारा वर्षं झाले, तो बिचारा सुहानीच्या संसारात खुश हाये."

श्रावण इतका हसला की तंबूबाहेरच्या रांगेतले लोक कनात उचलून आत डोकावायला लागले. तीन वाजत आले होते. इतवारीने भोंगा दिला, दारावरचा पडदा बाजूला केला, आणि माणसं आत लोटली. ताराबाई शेंगावाली, तिच्या चार सुना, चामोर्शीचे पोट्टे, कडेवर लेकरं घेतलेले बाप.

या तंबूत बसण्याची एक जुनी रीत होती, आणि इतवारी ती मोडू देत नसे. डावीकडे बायका, उजवीकडे गडी, आणि मधली दोन हात रुंद पट्टी लग्न झालेल्या जोडप्यांची, नाहीतर लग्न ठरलेल्यांची. मधे कोण बसलं यावरून जत्रेला दर वर्षी नव्या सोयरिकी कळत. दामिनी नेहमीसारखी उठून डावीकडे निघाली. श्रावण मशीनकडे वळला.

"ए पोट्ट्या!" इतवारीने बॅटरीचा झोत आधी त्याच्या तोंडावर टाकला, मग तिच्या. दोन्ही तोंडांवर त्याला हवं ते दिसलं असावं. "बटन मी दाबतो. तू कुठी चालला? आन् तुमी बाई, तिकडं कायले?"

सगळा तंबू वळून पाहायला लागला. म्हाताऱ्याने झोत खाली आणला आणि रेतीतल्या मधल्या पट्टीवर, अगदी पुढच्या रांगेत, स्थिर धरला.

"मंधात बसा," तो म्हणाला. "दोघंबी."